थीम बदलली आणि साइट बिघडली: गावाच्या, गटाच्या वेबसाइट सांभाळणाऱ्यांसाठी

जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांत आणि शेजारच्या बागलाण-मालेगाव पट्ट्यात अनेक मंडळींनी आपापल्या वेबसाइट काढल्या आहेत. कुठे शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची, कुठे केळी बागायतदारांच्या गटाची, कुठे अहिराणी ओव्या आणि गाणी गोळा करणाऱ्यांची, कुठे गावच्या वाचनालयाची. सुरतेला, पुण्याला, नाशकाला पोटापाण्यासाठी गेलेली माणसं तिथे सभासद होतात, कानबाईच्या उत्सवाचे फोटो टाकतात, एकमेकांची खुशाली विचारतात. अशी साइट सांभाळणारा माणूस बहुतेक ठिकाणी एकटाच असतो. तो मास्तर असतो, नाहीतर मोबाइलच्या दुकानाचा मालक, नाहीतर इंजिनिअरिंगला शिकणारा एखादा पोरगा. आणि त्याला येणारा फोन ठरलेला असतो: "भाऊ, साइट बंद व्हयी गयी."

पुष्कळदा ती बंद झालेली नसते. मजकूर सुखरूप असतो, सभासदांची नावं जागच्या जागी असतात, फक्त दर्शनी बाजू ढासळलेली असते. ही दर्शनी बाजू म्हणजे थीम. ती कशी चालते हे एकदा समजलं की घाबरण्याचं कारण उरत नाही आणि दुरुस्तीसाठी हजारो रुपये मोजावे लागत नाहीत. हे काम गावातल्या गावात होऊ शकतं, असं माझं ठाम मत आहे.

मी इथे वर्डप्रेसबद्दल बोलतो आहे, कारण अशा साइट बहुतेक करून त्याच्यावरच उभ्या असतात. २००३ साली सुरू झालेलं हे सॉफ्टवेअर फुकट आहे, मुक्त आहे, आणि थीमची सोय त्यात २००५ पासून आहे. सभासदांची पानं, गट, आपापसातले निरोप यांसाठी त्याच्यावर बडीप्रेस नावाचं प्लगिन, म्हणजे वरून जोडायचं जास्तीचं सॉफ्टवेअर, चढवतात.

थीम कशाला हात लावते, कशाला लावत नाही

लग्नपत्रिका छापायला प्रेसवर गेलं की मजकूर आपण देतो आणि प्रेसवाला डिझाइनचा अल्बम पुढे ठेवतो. बारा नंबरचं डिझाइन नको, तीस नंबरचं घ्या म्हटलं म्हणून मुहूर्त बदलत नाही की मामांची नावं गळत नाहीत. थीमचं असंच आहे. लेख, पानं, प्रतिक्रिया, सभासद हे सगळं डेटाबेसमध्ये असतं. फोटो अपलोड्स नावाच्या फोल्डरमध्ये असतात. थीम वेगळ्या फोल्डरमध्ये, प्लगिन आणखी वेगळ्या. म्हणून थीम बदलल्याने लेख पुसले जात नाहीत.

तरीही थीम बदलली की काहीतरी हरवल्यासारखं वाटतं, आणि त्यामागची कारणं ठरलेली आहेत. प्रत्येक थीममध्ये मेनू बसवायच्या जागा वेगळ्या असतात. जुन्या थीममध्ये 'वरचा मेनू' ही जागा होती आणि नव्या थीममध्ये त्या नावाची जागाच नसली, तर मेनू लटकतो. तो तयार असतो, फक्त नवी जागा नेमून द्यावी लागते. बाजूच्या पट्टीतली विजेट, म्हणजे छोट्या चौकटी, 'इनअ‍ॅक्टिव्ह' या गटात जाऊन बसतात, तिथून ओढून परत आणता येतात. कस्टमायझर, म्हणजे थीमचं रूप बदलायचं पान, त्यातल्या 'अ‍ॅडिशनल सीएसएस'च्या चौकटीत (सीएसएस म्हणजे रंग, अंतर, अक्षरांचा आकार ठरवणाऱ्या सूचना) लिहिलेलं सगळं त्या-त्या थीमपुरतं साठवलेलं असतं. थीम बदलली की ते दिसेनासं होतं आणि जुनी थीम परत लावली की परत येतं. थीम बदलण्याआधी ती चौकट उघडून आतला मजकूर नोटपॅडमध्ये उतरवून ठेवावा.

एक त्रास मात्र खरा आहे. काही थीम स्वतःचे शॉर्टकोड देतात, म्हणजे चौकोनी कंसात एखादा शब्द लिहिला की तिथे फोटोंची सरकती पट्टी किंवा बटण उमटतं. ती थीम गेली की पानोपानी ते चौकोनी कंस उघडे पडतात. शंभर पानं अशी लिहिलेली असतील तर शंभर पानं हाताने साफ करावी लागतात. त्यामुळे 'सगळं काही करणारी', पन्नास डेमो देणारी थीम गावाच्या साइटसाठी घेऊ नये. वर्डप्रेससोबत येणाऱ्या, २०१० पासून चालत आलेल्या ट्वेंटी-मालिकेतली एखादी साधी थीम घ्यावी आणि तिला आपल्या हाताने आकार द्यावा.

आणि विकतची थीम कुठूनतरी फुकट मिळते म्हणून उतरवून घेणं तर कधीच करू नये. नल्ड थीम म्हणतात त्यांना. त्यांच्या आत चोरदरवाजे आणि लपवलेल्या लिंक असतात. तुमच्या सभासदांचे ईमेल आणि मोबाइल नंबर त्या साइटवर आहेत. लोकांनी ते तुमच्यावर विश्वास ठेवून दिलेत.

आधी निदान, मग औषध

साइट बिघडल्याचा फोन आला की पहिला प्रश्न: सगळ्यांना बिघडलेली दिसते की एकालाच? दुसऱ्या मोबाइलवर, वायफाय बंद करून, ब्राउझरच्या इनकॉग्निटो खिडकीत उघडून पाहा. तिथे नीट दिसत असेल तर दोष कॅशचा. ब्राउझर पानाची जुनी प्रत जपून ठेवतो आणि तीच दाखवत राहतो. संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि आर एकत्र दाबलं की तो नवी प्रत आणतो. पण कॅश एकाच जागी नसते. साइटवर वेग वाढवणारं प्लगिन असेल तर त्याची वेगळी, होस्टिंगवाल्याची, म्हणजे ज्याच्या संगणकावर साइट ठेवली आहे त्याची, वेगळी, मध्ये सीडीएन, म्हणजे साइटच्या प्रती ठिकठिकाणी ठेवणारी सेवा, असेल तर त्याची आणखी वेगळी. मी रंग बदलला, पण बदलतच नाही, ही तक्रार आली की आधी या सगळ्या कॅश रिकाम्या करायच्या. तासभर कोडमध्ये डोकं घालून बसल्यावर कॅशच दोषी निघाली, हे या कामात नेहमीचं आहे.

दुसरा प्रश्न: थीम दोषी की प्लगिन? याची परीक्षा चालू साइटवर करू नका. सगळी प्लगिन बंद केली तर तेवढ्या वेळात येणाऱ्या सभासदाला मोडकं घर दिसेल. 'हेल्थ चेक अँड ट्रबलशूटिंग' नावाचं एक फुकट प्लगिन आहे. त्यातला तपासणीचा मोड सुरू केला की फक्त तुम्हाला, लॉगिन असेपर्यंत, साधी थीम आणि प्लगिन नसलेली साइट दिसते. बाकीच्यांना साइट नेहमीसारखीच दिसत राहते. मग एकेक प्लगिन चालू करत जायचं. ज्याच्यानंतर पान बिघडलं, तो गुन्हेगार. एका वेळी एकच बदल करायचा. दोन बदल एकदम केले की कशाने बरं वाटलं ते कळत नाही.

तिसरी वेळ सगळ्यात भीतीची. पान पांढरं फटक, किंवा 'क्रिटिकल एरर' असं एक वाक्य आणि खाली काही नाही. याचा अर्थ पीएचपी या भाषेतला कोड मध्येच अडखळून थांबला. त्याची दोन कारणं वारंवार दिसतात. एक, कुणीतरी नेटवरून एक तुकडा आणून थीमच्या फंक्शन्स फाइलमध्ये चिकटवला आणि एक अर्धविराम किंवा कंस राहिला. दोन, होस्टिंगवाल्याने पीएचपीची आवृत्ती वाढवली आणि जुनी थीम तिच्यावर चालेना. २०२० साली आलेल्या पीएचपी ८ मधून काही जुन्या सोयी काढून टाकल्या आहेत. दहा वर्षं जुनी थीम त्या सोयी मागते आणि कोसळते. अशा वेळी होस्टिंगच्या पॅनेलमध्ये पीएचपीची आवृत्ती तात्पुरती एक पायरी खाली आणता येते. पण तो मुक्काम नाही, नवी थीम शोधण्यापुरता घेतलेला वेळ आहे.

२०१९ च्या ५.२ आवृत्तीपासून वर्डप्रेसने एक चांगली सोय दिली आहे. असा अपघात झाला की अ‍ॅडमिनच्या ईमेलवर एक पत्र येतं. कोणत्या थीमने किंवा प्लगिनने घात केला ते त्यात लिहिलेलं असतं, आणि रिकव्हरी मोडची एक लिंक असते. त्या लिंकने आत शिरून दोषी गोष्ट बंद करता येते. लिंक एक दिवस चालते. अडचण अशी की ते पत्र ज्या ईमेलवर जातं, तो ईमेल बऱ्याच साइटवर पाच वर्षांपूर्वी नोकरीला बाहेरगावी गेलेल्या मुलाचा असतो. आज घरी गेल्यावर सेटिंग्जमध्ये जाऊन तेवढं तरी पाहा.

पत्र आलं नाही तर होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून थीम्स फोल्डर उघडा आणि चालू थीमच्या फोल्डरचं नाव बदला, मागे 'जुनी' असं काही लावा. वर्डप्रेसला ती थीम सापडत नाही, आणि डॅशबोर्डमधलं थीमचं पान उघडलं की तो मूळची थीम धरतो. मात्र एखादी मूळची थीम तिथे असायला हवी, म्हणून ट्वेंटी-मालिकेतली एक तरी थीम कधीही पुसू नका. प्लगिनचा संशय असेल तर त्या प्लगिनच्या फोल्डरचं नाव बदलूनही हेच करता येतं. खरं कारण वाचायचं असेल तर कॉन्फिग फाइलमध्ये डिबग आणि डिबग-लॉग हे दोन्ही चालू करा, आणि पाहुण्यांना त्रुटी दिसू नयेत म्हणून डिस्प्ले बंद ठेवा. मग कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीत गाडी अडली ते डिबग डॉट लॉग या फाइलमध्ये स्वच्छ लिहिलेलं मिळतं. काम झालं की ते बंद करून ती फाइल पुसून टाकायची.

मुखपृष्ठ दिसतं पण आतलं प्रत्येक पान 'सापडलं नाही' म्हणतं, असं असेल तर थीमला बोल लावू नका. सेटिंग्जमधल्या पर्मालिंकच्या, म्हणजे पानांचे पत्ते ठरवायच्या, पानावर जाऊन काहीही न बदलता 'सेव्ह' दाबा. होस्टिंग बदलल्यावर हे फार होतं, आणि बहुतेक वेळा एवढ्यानेच भागतं.

मराठी अक्षरांचे हाल

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. बहुतेक थीम रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून बनवलेल्या असतात. डेमो सुंदर दिसतो, आपण मराठी मजकूर घालतो आणि सगळं बेंगरूळ होतं. मग लोक म्हणतात, मराठी साइट अशाच दिसायच्या. तसं मुळीच नाही. तीन-चार सूचना बदलल्या की तीच थीम मराठीत डौलदार दिसते.

पहिली गोष्ट शिरोरेषा. इंग्रजी मथळ्यांत अक्षरं थोडी सुटी ठेवायची फॅशन आहे, त्यासाठी थीममध्ये लेटर-स्पेसिंग नावाची सूचना असते. देवनागरीत प्रत्येक अक्षर आपला शिरोरेषेचा तुकडा घेऊन येतं आणि ते तुकडे एकमेकांना भिडून अखंड रेघ होते. मध्ये अंतर घातलं की रेघ तुटते. 'कानबाई माता उत्सव' हा मथळा का, न, बा, ई असा सुटा सुटा उभा राहतो. उलट काही नव्या थीम मोठ्या मथळ्यांना ऋण अंतर देतात. तिथे अक्षरं एकमेकांवर चढतात आणि काने शेजारच्या अक्षरात घुसतात. इलाज एकच: मथळे, मेनू आणि बटणं यांचं लेटर-स्पेसिंग 'नॉर्मल' करा.

दुसरी, ओळींची उंची. रोमन अक्षराच्या वर-खाली फार काही नसतं. आपल्याकडे वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. थीमने मथळ्याची लाइन-हाइट १ किंवा १.१ ठेवलेली असते. 'कीर्ती' या शब्दातला वेलांटीवरचा रफार वरच्या ओळीतल्या उकाराला जाऊन टेकतो, आणि चौकटीबाहेरचं कापून टाकायची सूचना असेल तर रफार अर्धा छाटलाच जातो. मथळ्यांना १.४ आणि लेखाच्या मजकुराला १.७ किंवा १.८ द्या. अक्षराचा आकारही वाढवा. इंग्रजीत १६ पिक्सेल पुरतात, पण त्याच मापात देवनागरी बारीक वाटते. १८ ठेवा. ही साइट तुमच्या आजीने मोबाइलवर वाचायची आहे.

तिसरी गोष्ट फॉन्टची. थीमसोबत आलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नसेल तर ब्राउझर त्या यंत्रावर जो मराठी फॉन्ट असेल तो उचलतो. विंडोजवर निर्मला, अँड्रॉइडवर नोटो, आणखी कुठे आणखी काही. म्हणून एकच पान दोन यंत्रांवर दोन तऱ्हांनी दिसतं. फॉन्ट स्वतः ठरवून द्यावा. मुक्ता, हिंद, बालू, नोटो सान्स देवनागरी हे मोफत आहेत आणि वाचायला चांगले आहेत. मुक्ता आणि बालू तर मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने घडवलेले. २०२४ च्या ६.५ आवृत्तीपासून ब्लॉक थीममध्ये, म्हणजे जिथे सगळं पान ब्लॉक जोडून घडवतात अशा नव्या पद्धतीच्या थीममध्ये, फॉन्ट लायब्ररी आली आहे. तिथून फॉन्ट थेट साइटवर उतरवता येतो, कोडला हात लावावा लागत नाही. वजनं मात्र दोनच घ्या, साधं आणि ठळक. प्रत्येक वजनाची फाइल वेगळी असते आणि सातपुड्याच्या पायथ्याशी रेंज किती येते हे आपल्याला माहीत आहे. फॉन्टमध्ये नसलेलं वजन थीमने मागितलं की ब्राउझर अक्षर नुसतं फुगवतो आणि जोडाक्षरांच्या पोकळ्या भरून जातात. तिरप्या अक्षरांचंही तसंच. देवनागरी फॉन्टला बहुधा खरं तिरपं रूप नसतं, म्हणून अवतरणांना थीमने दिलेला तिरपेपणा काढून टाकावा.

शिवाय 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणं हिंदीहून वेगळी आहेत. काही फॉन्टांत दोन्ही वळणं असतात आणि पानाची भाषा पाहून ब्राउझर योग्य ते निवडतो. म्हणून सेटिंग्जमध्ये साइटची भाषा 'मराठी' निवडलेली हवी. डॅशबोर्ड इंग्रजीत ठेवायचा असेल तर तो प्रत्येक सभासदाच्या प्रोफाइलमध्ये वेगळा ठेवता येतो. ठसठशीत मराठी वळणाचा छापील बाज हवा असेल तर टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट खास त्यासाठीच आहे. मला मोठ्या कवितासंग्रहांच्या पानांवर तो फार आवडतो.

आणि एक प्रकार असा की तो पाहून पोटात गोळा येतो. अहिराणी संमेलनाच्या स्मरणिकेतला मजकूर कुणीतरी प्रेसवरून आणून दहा-पंधरा वर्षांपूर्वी साइटवर चढवलेला असतो. थीम बदलते आणि त्या जागी रोमन अक्षरं, टक्क्याची चिन्हं, कंस यांचा चिवडा दिसतो. लोकांना वाटतं, थीमने मजकूर खाल्ला. खरं म्हणजे तो मजकूर डीटीपीच्या जुन्या फॉन्टात होता. त्या फॉन्टांत रोमन अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असतं. जुनी थीम तो फॉन्ट सोबत पाठवत होती, नवी पाठवत नाही, म्हणून आतलं खरं रूप उघडं पडलं. यावर थीमची दुरुस्ती हा उपाय नव्हे. मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या अक्षरपद्धतीत, आणायचा आणि मग डोळ्यांत तेल घालून वाचायचा, कारण ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि जोडाक्षरं हमखास चुकतात. अहिराणीत तर शुद्धलेखन तपासणारं यंत्र मदतीला येत नाही, बोलणाऱ्यालाच बसवावं लागतं. हे काम वेळखाऊ आहे. पण जुन्या फॉन्टातल्या ओव्या शोधयंत्राला सापडत नाहीत आणि मोबाइलवर वाचता येत नाहीत. एका पिढीने जमवलेलं धन तसंच पडून राहतं. दोघा-तिघांनी वाटून घेऊन पावसाळ्यात उरकण्यासारखं हे काम आहे.

बदल कुठे लिहायचे

मूळ थीमच्या फाइलमध्ये कधीच लिहू नका. थीमचं अपडेट आलं की तो फोल्डर सगळाच्या सगळा बदलला जातो आणि तुमची मेहनत जाते. अपडेट बंद ठेवणं हाही उपाय नाही, कारण सुरक्षेच्या दुरुस्त्या अपडेटमधूनच येतात.

काय बदलायचं ते आधी ब्राउझरलाच विचारा. संगणकावर क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये बिघडलेल्या मथळ्यावर उजवं क्लिक करून 'इन्स्पेक्ट' म्हणा. बाजूला त्या मथळ्याला लागू असलेल्या सगळ्या सूचना दिसतात. ज्यांच्यावर काट मारलेली आहे त्या हरलेल्या, बाकीच्या जिंकलेल्या. जास्त नेमकी सूचना जिंकते आणि दोन्ही सारख्याच नेमक्या असतील तर मागून आलेली जिंकते. तुम्ही लिहिलेली ओळ काट मारलेली दिसली तर कॅशचा दोष नाही, तुमची सूचना कमी नेमकी आहे. थीमने जसं नाव घेऊन सांगितलं आहे तसंच, किंवा त्याहून नेमकं नाव घेऊन सांगा. प्रत्येक ओळीपुढे 'इम्पॉर्टंट' लावून जिंकत सुटू नका, सहा महिन्यांनी तुमचीच सूचना तुम्हाला हरवते. त्या खिडकीत आकडे बदलून पाहता येतात, पान लगेच बदलतं आणि रिफ्रेश केलं की पूर्ववत होतं. साइटला काही होत नाही, म्हणून बिनधास्त करून पाहा. वर मोबाइलचं चिन्ह आहे, ते दाबून लहान पडद्यावरही पाहा.

ठरलेल्या पाच-सात ओळी असतील तर अ‍ॅडिशनल सीएसएसची चौकट पुरे. त्याहून जास्त असेल, किंवा तळपट्टीची रचना बदलायची असेल, तर चाइल्ड थीम, म्हणजे मूळ थीमवर आधारलेली धाकटी थीम, करा. थीम्स फोल्डरमध्ये एक नवा फोल्डर, त्यात स्टाइल डॉट सीएसएस ही फाइल, आणि तिच्या माथ्यावर थीमचं नाव व 'टेम्प्लेट' म्हणून मूळ थीमच्या फोल्डरचं नाव. इतकं झालं की चाइल्ड थीम उभी राहिली. ते नाव अक्षरन् अक्षर फोल्डरसारखंच हवं, मोठ्या-लहान लिपीसकट. मूळ थीमची जी फाइल बदलायची ती त्याच नावाने चाइल्डमध्ये ठेवली की वर्डप्रेस तीच वापरतो. फंक्शन्स फाइल याला अपवाद: चाइल्डची आधी चालते आणि मूळचीही चालते. म्हणून मूळची फंक्शन्स फाइल जशीच्या तशी चाइल्डमध्ये उतरवली तर एकच काम दोनदा सांगितलं जातं आणि साइट कोसळते.

२०२२ च्या ५.९ आवृत्तीपासून आलेल्या ब्लॉक थीममध्ये 'कस्टमाइझ' सहसा दिसत नाही, त्या जागी 'एडिटर' असतो. तिथे केलेले बदल डेटाबेसमध्ये साठतात, त्यामुळे अपडेटने जात नाहीत. पण एखादा साचा तुम्ही बदलला की थीमकर्त्याने त्या साच्यात केलेली पुढची सुधारणा तुम्हाला दिसत नाही. 'रीसेट' केलं की मूळचा साचा परत येतो.

बडीप्रेसच्या सभासद-यादीचं पान बेढब दिसत असेल तर ते थीमच्या साध्या पानाचा साचा उसना घेतं हे लक्षात ठेवा. साध्या पानाला बाजूची पट्टी असेल तर यादीही चिंचोळी होते. क्लासिक, म्हणजे ब्लॉक नसलेली जुन्या पद्धतीची, थीम असेल तर चाइल्ड थीममध्ये बडीप्रेस डॉट पीएचपी या नावाने पट्टी नसलेला साचा ठेवला की फक्त बडीप्रेसची पानं रुंद होतात.

'रीड मोअर', 'लीव्ह अ रिप्लाय' ही बटणं इंग्रजीतच राहिली असतील तर थीमचं मराठी भाषांतर झालेलं नाही. लोको ट्रान्सलेट या प्लगिनमधून ते करता येतं. फाइल साठवताना थीमच्या फोल्डरऐवजी बाहेरचा, लोकोचा स्वतःचा फोल्डर निवडा, नाहीतर पुढच्या अपडेटमध्ये भाषांतर जाईल.

एवढं करूनही अडलं आणि कुणाला विचारायची वेळ आली, तर 'साइट चालत नाही' एवढंच कळवू नका. टूल्समध्ये साइट हेल्थ म्हणून पान आहे. त्याच्या 'इन्फो' भागात वर्डप्रेस, पीएचपी, थीम, प्लगिन यांच्या आवृत्त्या एका बटणाने कॉपी होतात. ते, बिघडलेल्या पानाचा पत्ता, शेवटी काय बदललं होतं आणि पडद्याचा एक फोटो, इतकं सोबत द्या.